मोहऱ्याला जोर कोणाचा?

बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या दोन मराठी माणसांच्या तोंडी एक प्रश्न एका डावात दहादा तरी येतो. समोरचे मोहरे मारण्यासाठी हात पुढे झालेला असतो, आणि तेवढ्यात मनात येते, "याला जोर आहे का?" हात मध्येच थांबतो. जोर म्हणजे पाठबळ. मारलेल्या मोहऱ्याच्या जागी आपले मोहरे जाऊन बसले, तर त्याला परत मारावयास कोणी टपून बसलेले आहे काय, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. घराघरांतील आजोबा नातवाला घोड्याची अडीच घरांची चाल शिकवून झाली की लगेच हा प्रश्न शिकवतात. कारण मोहरे कसे चालते हे कळणे ही खेळाची लिपी, आणि जोर पाहता येणे हे त्याचे पहिले व्याकरण होय.

हाच प्रश्न यंत्राला कसा शिकवावा, याचा इतिहास सुमारे पाऊणशे वर्षांचा आहे. तो मुख्यतः मँचेस्टर, न्यूयॉर्क, मॉस्को आणि पिट्सबर्ग या नगरांत घडला. परंतु तो ऐकावयास छत्तीसगडातील दुर्ग-भिलाईचा परिसर अगदीच परका नाही. दुर्ग शहरात भिलाईच्या लगत पद्मनाभपूर नावाची वसाहत आहे. या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध जुना. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर चालून आली, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. फौजेमागून कारकून आले, पुढे रेल्वे आली, आणि २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला, तेव्हा नोकरदारांची आणखी एक पिढी आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या देशातून त्या भट्टीचे आराखडे आणि अभियंते आले, त्याच देशात त्याच दशकात काही गणिती यंत्राला बुद्धिबळ शिकवावयास बसणार होते. एकाच राष्ट्राच्या महत्त्वाकांक्षेची ही दोन अपत्ये. एक पोलादाचे, दुसरे नुसत्या विचाराचे.

आपल्याकडे या खेळावर विचार करणाऱ्यांची परंपरा लहान नाही. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्रावरील मोठा ग्रंथ रचला. त्यातील 'नीतिमयूख' या भागात राजनीतीच्या जोडीने बुद्धिबळालाही स्थान मिळाले आहे. धर्मशास्त्र्याला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आजच्या वाचकाला थोडे नवलाचे वाटेल. पुढे १८१४ मध्ये त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक मुंबईस इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृतातील डाव त्यांनी युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतले होते. असल्या संग्रहांतील डाव पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील सौंदर्य बहुधा मोहरे मारण्यात नसते, ते मारू देण्यात असते. वजीर फुकट देऊन प्याद्याने मात करावयाची, हा त्या जुन्या कूटकारांचा आवडता विलास. यंत्राला हीच गोष्ट सर्वांत शेवटी कळली.

यंत्रापुढची मूळ अडचण अशी. बुद्धिबळाच्या कोणत्याही स्थितीत खेळणाऱ्याजवळ सरासरी तीसेक खेळ्या असतात. प्रत्येकीला प्रतिपक्षाची तीसेक उत्तरे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या एकेका खेळीचा विचार करावयाचा, तरी नऊशे स्थिती डोळ्यांखालून घालाव्या लागतात. तीन-तीन खेळ्यांचा विचार केला, तर हा आकडा ७२ कोटी ९० लाखांवर जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हिशेब मांडला होता की चाळीस-चाळीस खेळ्यांच्या सर्व डावांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी भरेल. डाव अखेरपर्यंत पाहणे यंत्रालाही शक्य नाही, हे यावरून उघड झाले. कोठेतरी थांबावयाचे, तेथे पटावर काय आहे ते मोजावयाचे, आणि त्या मोजणीवर विश्वास ठेवावयाचा, एवढेच हाती राहते.

पण कोठे थांबावयाचे? सारा घोटाळा या प्रश्नापाशी आहे. समजा, यंत्राने तीन खेळ्यांनंतर थांबावयाचे ठरवले, आणि तिसरी खेळी अशी निघाली की आपल्या वजिराने समोरचे एक प्यादे मारले. यंत्र मोजते : एक प्यादे मिळाले, आपण वरचढ. परंतु त्या प्याद्याला हत्तीचा जोर होता, आणि चौथ्या खेळीत वजीर जाणार होता, हे त्याने पाहिलेच नाही, कारण त्याला चौथी खेळी पाहावयाचा हुकूमच नव्हता. सावकाराने वहीत जमेचे पान पाहावे आणि खर्चाचे पान उलटण्यापूर्वी वही मिटावी, त्यातलाच हा प्रकार. शॅनन यांना हे दिसले होते. मारामारी चालू असताना केलेली मोजणी खोटी असते. स्थिती शांत झाल्यावरच मोजावे, असे त्यांनी त्या निबंधात बजावले आहे.

शांत स्थिती म्हणजे काय, हे नियमांत बांधण्याचा पहिला निश्चित प्रयत्न इंग्लंडातील ॲलन ट्यूरिंग यांनी केला. ट्यूरिंग यांचा जन्म लंडनचा, १९१२ चा. परंतु त्यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी सेवेत होते, आणि आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. महायुद्धात शत्रूच्या गुप्त लिपीचा उलगडा करण्याचे मोठे काम ट्यूरिंग यांनी केले, आणि युद्धानंतर १९४८ च्या सुमारास डेव्हिड चँपरनाउन या मित्रासह बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलीची जुळवाजुळव सुरू केली. त्यांनी मोहऱ्यांना किमती दिल्या : प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. ठराविक खेळ्यांपर्यंत सर्व शक्यता पाहावयाच्या. आणि तेथून पुढे केवळ 'विचारात घेण्याजोग्या' खेळ्या पाहावयाच्या. या खेळ्या कोणत्या? जोर नसलेले मोहरे मारणे. स्वतःहून अधिक किमतीचे मोहरे मारणे, मग त्याला जोर असो वा नसो. नुकत्याच झालेल्या मारण्याची तेथल्या तेथे परतफेड करणे. आणि मात देणारी खेळी. ज्या स्थितीत यांपैकी एकही खेळी उरत नाही, तिला ट्यूरिंग यांनी 'मृत' स्थिती म्हटले. मोजणी तेथे करावयाची. आजोबांनी नातवाला शिकवलेल्या प्रश्नाचे हे बहुधा पहिलेच शास्त्रीय लेखन असावे. घरात ज्याला व्यवहारज्ञान म्हणतात, त्याला नियमात बसवताना किती कलमे लागतात, हे कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्या कोणाही माणसाला ठाऊक असते.

ही आज्ञावली चालवावयास यंत्र मिळाले नाही. तेव्हा ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाले. कागदावरील नियम एकेक करून पाळीत, एकेका खेळीला अर्धा अर्धा तास लावीत, १९५२ मध्ये त्यांनी ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी एक पूर्ण डाव खेळला. ग्लेनी काही मोठे खेळाडू नव्हते. तरी कागदी यंत्र हरले. २९ व्या खेळीत नियमांनी आज्ञा केली की वजिराने समोरचे प्यादे मारावे. प्यादे मारले गेले. ग्लेनींनी आपला हत्ती त्या वजिरासमोर आणून उभा केला, आणि डाव सोडून द्यावा लागला. यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावलीने खेळलेल्या पहिल्यावहिल्या डावाची अखेर एका लोभाने मारलेल्या प्याद्यावर व्हावी, हा योगायोग विलक्षण आहे. ट्यूरिंग यांचे १९५४ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. आपली आज्ञावली खऱ्या यंत्रावर खेळताना त्यांना पाहावयास मिळाली नाही.

येथे मारामारीचे गणित थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. समजा, काळ्याचा घोडा एका घरावर आहे, त्याला एका प्याद्याचा जोर आहे, आणि त्यामागे एका हत्तीचा. पांढऱ्याचा उंट आणि हत्ती त्या घोड्यावर रोखलेले आहेत. सोयीसाठी उंट व घोडा दोहोंची किंमत तीन-तीन धरू. पांढऱ्याने उंटाने घोडा मारला, तीन मिळाले. काळ्याच्या प्याद्याने उंट मारला, तीन गेले. आता पांढऱ्याच्या हत्तीने ते प्यादे मारावे काय? एक मिळेल खरा, पण काळ्याचा हत्ती टपलेला आहे, पाच जातील. म्हणून शहाणा पांढरा येथेच थांबतो, आणि हिशेब बरोबरीत मिटतो. काळ्याचा हत्ती मागे नसता, तर पांढऱ्याने प्यादेही घेतले असते आणि एकाने नफ्यात राहिला असता. म्हणजे घोडा मारावा की नाही याचा निर्णय साखळीच्या शेवटच्या कडीपासून मागे मोजत यावे लागते तेव्हा कळतो. यांत एक सवलत दोन्ही पक्षांना असते : मारलेच पाहिजे अशी सक्ती कोणावर नाही. ज्या क्षणी मारण्यात तोटा दिसेल, त्या क्षणी हात आवरता येतो. ही सवलत आज्ञावलीत लिहावयाची राहिली, तर यंत्र प्रत्येक भांडण शेवटच्या मोहऱ्यापर्यंत लढवते, आणि वेड्यासारखे उत्तर काढते.

सक्ती असलेले खेळही आहेत. युरोपातील चौकटीच्या सोंगट्यांच्या खेळात समोरची सोंगटी उडी मारून घेता येत असेल, तर ती घेतलीच पाहिजे. या खेळावर अमेरिकेतील आर्थर सॅम्युएल यांनी केलेले काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा नियम सरळ होता : ठरलेल्या खोलीवर पोचल्यावर पुढची खेळी उडी असेल, नुकतीच उडी झालेली असेल, किंवा अदलाबदल घडवता येत असेल, तर थांबावयाचे नाही, आणखी पुढे पाहावयाचे. याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारताचे स्वतःचे गणकयंत्र तयार होत होते. ते १९६० मध्ये कार्यान्वित झाले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. आज खिशातल्या दूरध्वनीला हे ऐकून हसू येईल.

आपल्याकडे उडी मारून घेण्याचा खेळ म्हणजे वाघबकरी. देवळांच्या फरशीवर, लेण्यांच्या ओट्यांवर कोरलेले त्याचे पट महाराष्ट्रात अजून दिसतात. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर जातो, आणि बकरी पडते. बकऱ्या वाघाला मारू शकत नाहीत, फक्त कोंडू शकतात. एका पक्षाला मारण्याचा अधिकार आणि दुसऱ्याला केवळ संख्या, अशी ही विषम लढाई. नेपाळात खेळल्या जाणाऱ्या चार वाघ आणि वीस बकऱ्यांच्या प्रकाराचा निकाल सिंगापुरातील लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संशोधकांनी लावला : दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या, तर डाव बरोबरीत सुटतो. चौकटीच्या सोंगट्यांचाही असाच निकाल २००७ मध्ये कॅनडातील जोनाथन शेफर यांनी दिला. ज्या खेळात मारण्याची सक्ती असते, तेथे यंत्राचे काम पुष्कळ सोपे होते, कारण मारामारीच्या वेळी पर्याय थोडेच राहतात. बुद्धिबळात तसे नाही. तेथे मारावयाचे की सोडावयाचे हा विवेक करावा लागतो.

आता मॉस्कोकडे वळू. तेथील सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकीच्या संस्थेत अलेक्झांडर क्रोनरॉड यांच्या गणितशाखेत अडेल्सन-वेल्स्की, अर्लाझारोव आदी तरुणांनी बुद्धिबळाची आज्ञावली रचली. नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या यंत्राशी तिचा तारेने सामना सुरू झाला. चार डाव, नऊ महिने. अमेरिकन आज्ञावली निवडक खेळ्याच पाहत असे. रशियन आज्ञावली ठरलेल्या खोलीपर्यंत एकूण एक खेळी तपासत असे. दोन डावांत ती दोन्ही बाजूंच्या मिळून तीन खेळ्या खोल गेली, आणि ते डाव बरोबरीत सुटले. उरलेल्या दोहोंत पाच खेळ्या खोल गेली, आणि ते तिने जिंकले. सामना ३–१. दोन खेळ्यांच्या जादा खोलीने एवढा फरक पडावा, हा धडा फार मोठा होता. तथापि घरी त्याचे कौतुक फारसे झाले नाही. अणुशास्त्रज्ञांच्या मोलाच्या यंत्रावर हे लोक खेळ खेळतात, अशी कुरकुर संस्थेत होतीच. त्यातच १९६८ मध्ये एसेनिन-वोल्पिन या गणितज्ञाला मनोरुग्णालयात डांबल्याच्या निषेधाच्या पत्रावर क्रोनरॉड यांनी सही केली. त्यांचे पद गेले, आणि मंडळी पांगली. पटावर जोर पाहण्यात आयुष्य घालवणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या मागे कोणाचा जोर नाही, हे सही करताना कळत नव्हते असे मानणे कठीण आहे.

त्यांचे सहकारी दुसऱ्या संस्थेत गेले, आणि तेथे 'काइसा' तयार झाली. हे नाव बुद्धिबळाच्या एका कल्पित देवतेचे. ती देवता लोकप्रिय केली ती विल्यम जोन्स या तरुण इंग्रज कवीने, आणि हाच जोन्स पुढे कलकत्त्यास न्यायाधीश होऊन आला व १७८४ मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापली. १९७४ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती काइसाने जिंकली.

याच मॉस्कोत या मार्गावर मुळीच विश्वास नसलेला एक थोर माणूस होता. मिखाइल बोत्विनिक हे १९४८ पासून १९६३ पर्यंत, मधली दोन लहान खंडे वगळता, बुद्धिबळाचे जगज्जेते होते, आणि व्यवसायाने विद्युत अभियंता. त्यांचे म्हणणे असे की मी काही लाखो खेळ्या पाहत नाही; मग यंत्राने का पाहाव्या? खेळाचा व्यावहारिक हेतू प्रतिपक्षाची मोहरी जिंकणे हा आहे. तेव्हा प्रत्येक मोहऱ्याने आधी आपले लक्ष्य ठरवावे, त्याच्यापर्यंतचा मार्ग आखावा, आणि त्या मार्गात जे अडवणारे व साहाय्य करणारे असतील तेवढ्यांचाच विचार करावा. म्हणजे मारण्याचा शोध पटाच्या शेवटी करावयाचा नाही. विचाराचा आरंभच त्यापासून करावयाचा. १९६८ मध्ये त्यांनी हा विचार पुस्तकरूपाने मांडला, आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे 'पायोनियर' या आपल्या आज्ञावलीसाठी वेचली. काही अवघड कूटे तिने थोडक्या शोधात सोडवली. परंतु एक संपूर्ण डाव ती कधी खेळू शकली नाही. १९९५ मध्ये बोत्विनिक वारले. त्यांचा विचार चुकीचा होता असे म्हणवत नाही; माणूस बहुतांशी तसाच विचार करतो. मात्र माणसाला जे न सांगता कळते, ते यंत्राला सांगावे लागते, आणि सांगण्याची ती यादी काही केल्या पुरी होईना.

या दोन मार्गांची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली. १९७७ मध्ये टोरांटो येथील दुसऱ्या जागतिक स्पर्धेत काइसा काळ्या मोहऱ्यांनी 'डचेस' या अमेरिकन आज्ञावलीशी खेळत होती, आणि प्रेक्षकांत बोत्विनिक बसले होते. ३४ व्या खेळीत काइसाच्या राजाला शह मिळाला. राजा एक घर सरकवावा, हे कोणाही खेळाडूला सुचले असते. काइसाने तसे न करता आपला हत्ती मध्ये आणून फुकट मारू दिला. सभागृहात सर्वांना वाटले की यंत्र बिघडले. डाव काइसा हरली. नंतर आज्ञावलीकडून उत्तर मागविले, तेव्हा कळले : राजा सरकला असता, तर पांढऱ्याने वजीर शेजारच्या घरात फुकट देऊन शह दिला असता, तो राजाने मारताच उंटाचा शह, आणि त्यातून मात टळणारी नव्हती. जगज्जेत्याला जे दिसले नव्हते, ते यंत्राला दिसले होते. हत्ती देऊन त्याने डाव काही काळ लांबवला होता. येथे ध्यानात घेण्यासारखे हे की पांढऱ्याची ती वजिराची खेळी मारण्याची नव्हतीच. ती मारू देण्याची होती. केवळ मारण्याच्या खेळ्यांच्या मागे जाणाऱ्या यंत्राला ती सापडली नसती. त्रेवंगडाचार्यांच्या परंपरेतील कूटकारांना मात्र ती नक्की आवडली असती.

असेच लांबवणे दुसऱ्या बाजूने दोषही ठरते. अमेरिकेचे हान्स बर्लिनर हे पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते होते. त्यांनी १९७३ मध्ये 'क्षितिजाचा परिणाम' दाखवून दिला. उंट मरणार हे निश्चित असेल, तर यंत्र मधे एकेक प्यादे बळी देत राहते, म्हणजे उंटाचे मरण त्याच्या दृष्टीच्या सीमेपलीकडे ढकलले जाते आणि त्याच्या हिशेबी तो वाचतो. शेवटी प्यादीही जातात आणि उंटही. कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याला हा परिणाम समजावून सांगावा लागत नाही.

सर्व खेळ्या पाहण्याच्या मार्गाला वेग कोठून मिळाला, हेही सांगितले पाहिजे. एखाद्या खेळीला प्रतिपक्षाचे एक जरी जबर उत्तर सापडले, तरी तिची बाकीची उत्तरे पाहण्याची गरज उरत नाही. या छाटणीचा वापर १९५० च्या दशकापासून अनेकांनी केला. मॉस्कोच्या ब्रुद्नो यांनी १९६३ मध्ये तिचे गणित मांडले. छाटणी सर्वोत्तम क्रमाने झाली, तर मघाचे ७२ कोटी ९० लाख केवळ ५४ हजारांच्या घरात येतात. परंतु अट मोठी आहे : चांगले उत्तर आधी पाहिले गेले पाहिजे. आणि बहुसंख्य चुकीच्या खेळ्यांचे उत्तर काय असते? मारणे. म्हणून यंत्र प्रत्येक स्थितीत प्रथम मारण्याच्या खेळ्या काढते, आणि त्यांतही सर्वांत मोठे मोहरे सर्वांत लहान मोहऱ्याने मारण्याची खेळी सर्वांच्या पुढे ठेवते. वजीर प्याद्याने मारता येत असेल, तर बाकीचे पाहावयाचे कशाला? मारण्याचा शोध पूर्वी विचाराच्या शेपटाशी होता. तो आता त्याच्या तोंडाशीही आला.

बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्सन आणि जो कॉन्डन यांनी हे काम आज्ञावलीकडून काढून तारांकडे दिले. त्यांच्या 'बेल' नावाच्या यंत्रात पटाच्या चौसष्ट घरांसाठी चौसष्ट मंडले होती. पहिल्या फेरीत यंत्र विचारी : मारता येण्याजोगे सर्वांत मोठे भक्ष्य कोणते? दुसऱ्या फेरीत : त्याला मारू शकणारा सर्वांत लहान मोहरा कोणता? सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार स्थिती ते पाहत असे. १९८० मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे ते जगज्जेते झाले. १९८२ मध्ये थॉम्सन ते प्रदर्शनासाठी मॉस्कोस नेत असता अमेरिकन सीमाशुल्क खात्याने विमानतळावर यंत्र जप्त केले. युद्धोपयोगी सामग्री शत्रुराष्ट्रात जात असल्याचा संशय. विमानातून कोणाच्या डोक्यावर टाकले तरच याचा युद्धात उपयोग होईल, अशा आशयाचे उद्गार थॉम्सन यांनी काढले. नियमावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची बाजू येथे कोणी घेतली नाही. पण त्याने तरी काय करावे, त्याच्या यादीत विनोदाचा रकाना नसतो.

बेलच्या या रचनेवरून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात फेंग-श्युंग शू या विद्यार्थ्याने ती सारी चौसष्ट घरे एका चकतीवर बसवली. त्याच्या 'डीप थॉट' या यंत्राच्या मंडळींत थॉमस अनंतरामन हे काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले भारतीय होते. एखाद्या स्थितीत एकच खेळी इतर सर्वांहून पुष्कळ सरस दिसत असेल, तर तेथे न थांबता अधिक खोल जावे, ही युक्ती त्यांनी शू आणि मरे कॅम्बेल यांच्यासह १९८८ मध्ये मांडली. मारण्याला परत मारणे भाग असते, तेथे ही स्थिती आपोआपच येते. पण ती शांत दिसणाऱ्या जागीही येऊ शकते, आणि जुन्या नियमाची उणीव याने बरीच भरून निघाली. या वंशातील 'डीप ब्लू' या यंत्राने ११ मे १९९७ रोजी जगज्जेत्या गॅरी कास्पारोव यांच्याशी सहा डावांचा सामना साडेतीन विरुद्ध अडीच असा जिंकला. त्यात ४८० चकत्या होत्या, आणि ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. कास्पारोव हे बोत्विनिक यांच्या शाळेत घडलेले खेळाडू, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये 'अल्फाझीरो'ने आणखी वेगळी वाट दाखवली. तिला कोणी किमती शिकवल्या नाहीत, मारामारीचा वेगळा नियमही दिला नाही; स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून ती स्थितीचा अंदाज शिकली. प्रतिस्पर्धी 'स्टॉकफिश' सेकंदाला सात कोटी स्थिती पाहत असता ती ८० हजारच पाहत होती, आणि तरी वरचढ ठरली. बोत्विनिक यांना हे पाहावयास हवे होते. स्टॉकफिशनेही २०२० पासून स्थितीची मोजणी अशा शिकलेल्या जाळ्याकडे सोपवली. पण मोजणीपूर्वी मारामारी शांत होऊ देण्याचा ट्यूरिंग यांचा नियम तिने सोडलेला नाही.

आज हे यंत्र नागपूर, सांगली, नाशिक येथील मुलांच्या हाती आहे. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हंपी या ज्येष्ठ भारतीय खेळाडूला अंतिम फेरीत हरवून. तिच्या पिढीने यंत्राशेजारीच खेळ शिकला. पटाच्या कडेला सरकणाऱ्या पट्टीवर यंत्राचा निवाडा क्षणात दिसतो. सुरुवातीला ती पट्टी थोडी वरखाली हेलकावते, मग स्थिर होते.

ट्यूरिंग यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जून २०१२ मध्ये, त्यांची कागदी आज्ञावली अखेर खऱ्या यंत्रावर चालवली गेली. मँचेस्टर येथे तिच्यासमोर खेळावयास कास्पारोव बसले होते. साठ वर्षांपूर्वी अर्ध्या तासाला एक चालणाऱ्या खेळ्या ती आता तत्काळ खेळत होती. डाव १६ खेळ्यांत संपला. कास्पारोव जिंकले, आणि उठून त्यांनी ट्यूरिंग यांच्या कामाविषयी आदराने दोन शब्द सांगितले.